वाचक विचारतात : प्रतिभा, वेड आणि रोमँटिक चित्रकार

गेल्या अंकात अठराव्या शतकाच्या अखेरीपासून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंतच्या युरोपीय रोमँटिक चित्रकलेची ओळख करून देणारा लेख प्रसिद्ध झाला होता. ‘प्रतिभा आणि वेड यांचे लग्न या पिढीने लावले’ हे त्यातील वाक्य काही वाचकांना फार आवडले आणि काहींना चांगलेच खटकले. त्यावर आलेल्या पत्रांतील निवडक प्रश्न येथे घेतले आहेत. लांब पत्रे संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : प्रतिभावंत थोडा वेडा असतोच, असे प्लेटोपासून सगळे म्हणत आले आहेत. मग यात रोमँटिकांनी नवे काय केले? (निवृत्त प्राध्यापक, सांगली)

उत्तर : कल्पना जुनीच आहे, हे आपले म्हणणे मान्य. प्लेटोच्या ‘फीड्रस’ या संवादात कवीचे वेड हे देवतांचे देणे म्हणून येते. ॲरिस्टॉटलच्या नावावर असलेल्या एका प्रश्नसंग्रहात, तत्त्वज्ञानात, राजकारणात आणि काव्यात नाव काढणारी माणसे खिन्न प्रकृतीचीच का असतात, असे विचारलेले आहे. इंग्लंडात ड्रायडनने १६८१ मध्ये थोर बुद्धी आणि वेड यांच्यामध्ये एक पातळ भिंत तेवढी असते, असे लिहून ठेवले. मात्र या जुन्या कल्पनेत वेड बाहेरून येत असे. देवता कवीच्या तोंडून बोलते, काम झाले की निघून जाते आणि कवी आपला संसार करायला मोकळा होतो. ‘अंगात येणे’ आपल्या परिचयाचे असल्यामुळे मराठी वाचकाला हे निराळे समजावून सांगावे लागत नाही.

रोमँटिक काळात मौलिकता हा कलेचा पहिला निकष ठरला आणि कलाकृतीचा उगम कलावंताच्या आतच शोधायचा, असा प्रघात पडला. मग त्याचा आजार, त्याचे प्रेमभंग, त्याची कर्जे, सगळेच पुरावा म्हणून वाचले जाऊ लागले. याला व्यवहाराचीही बाजू होती. दरबार आणि चर्च यांच्याकडून ठरावीक कामे मिळण्याचे दिवस सरत चालले होते. चित्रकाराला आता प्रदर्शनात अनोळखी गर्दीसमोर उभे राहावे लागे, आणि त्या गर्दीला त्याच्याविषयी काय वाटावे हे वृत्तपत्रांतील टीकाकार ठरवू लागले होते. अशा बाजारात कहाणी असलेला चित्रकार लोकांच्या लक्षात राहतो.

या बदलाचे उत्तम उदाहरण म्हणजे इटालियन कवी टासो. फेरारा येथील सांता आना रुग्णालयात त्याला १५७९ ते १५८६ अशी सात वर्षे कोंडून ठेवले होते. दोनशे वर्षांनी तो एकाएकी सर्वांचा लाडका झाला. गटेने १७९० मध्ये त्याच्यावर नाटक प्रसिद्ध केले, बायरनने १८१७ मध्ये कविता लिहिली आणि फ्रेंच चित्रकार डेलाक्रुआने त्याला निदान दोनदा, १८२४ च्या सुमारास आणि १८३९ मध्ये, रंगवले. १८३९ च्या चित्रात टासो कोठडीत खिन्न बसला आहे, त्याच्या हस्तलिखिताची पाने पायाखाली विखुरली आहेत आणि गजांपलीकडून बघ्यांचे चेहरे आत डोकावत आहेत. कोण शहाणा आणि कोण वेडा, याचा निकाल चित्रकाराने आधीच लावून टाकला आहे. न समजून घेतलेला प्रतिभावंत म्हणजे आपणच, असे त्या पिढीतील अनेकांना वाटत होते, त्यामुळे टासोच्या निमित्ताने ते बहुतांशी स्वतःचीच चित्रे काढीत होते.

माझे मत विचाराल, तर या काळातील चित्रकारांनी वेडाच्या संदर्भात केलेले मोठे काम या दंतकथेत सापडत नाही. ते सापडते वेड लागलेल्या सामान्य, अनाम माणसाकडे त्यांनी ज्या नजरेने पाहिले त्यात. पुढच्या प्रश्नाच्या उत्तरात हा मुद्दा स्पष्ट होईल.

प्रश्न : जेरिकोला स्वतःलाच वेड लागले होते म्हणून त्याने वेड्यांची चित्रे काढली, असे एका व्हिडिओत ऐकले. खरे काय? (कला महाविद्यालयातील विद्यार्थिनी, नाशिक)

उत्तर : फ्रेंच चित्रकार थिओडोर जेरिको १७९१ मध्ये रुआँ येथे जन्मला आणि १८२४ च्या जानेवारीत, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, पॅरिसमध्ये वारला. त्याचे गाजलेले चित्र ‘मेडुसाचा तराफा’ १८१९ च्या सलोनमध्ये, म्हणजे पॅरिसच्या सरकारी प्रदर्शनात, लागले. १८१६ मध्ये आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्याजवळ मेडुसा हे फ्रेंच जहाज वाळूत रुतले, सुमारे दीडशे माणसे एका ओबडधोबड तराफ्यावर सोडून दिली गेली आणि तेरा दिवसांनी त्यांतील पंधरा जिवंत सापडली. जवळजवळ पाच मीटर उंच आणि सात मीटरहून अधिक रुंद असे हे चित्र करताना जेरिकोने घराबाहेर पडायला लागू नये म्हणून डोक्याचे केस काढून टाकले, रुग्णालयातून मृतांचे अवयव आणून त्यांचा अभ्यास केला आणि वाचलेल्यांच्या भेटी घेतल्या. त्यानंतर तो शरीराने आणि मनाने खचला, हे खरे आहे. त्याच्या घराण्यात मानसिक आजाराची उदाहरणे होती, हेही नोंदलेले आहे. व्हिडिओवाल्यांना एवढे पुरते.

परंतु वेड्यांची म्हणून जी व्यक्तिचित्रे प्रसिद्ध आहेत ती त्यानंतरची, साधारण १८२० ते १८२३ या काळातील मानली जातात. मधल्या काळात तो इंग्लंडला जाऊन आला होता, तेथे त्याने आपला तराफा तिकीट लावून दाखवला होता, शिळाछापाची कामे केली होती, घोड्यांची चित्रे रंगवली होती. ही चित्रे एत्येन-जाँ जॉर्जे या तरुण डॉक्टरकडे होती. जॉर्जे हा पॅरिसच्या साल्पेत्रियेर रुग्णालयातला, एस्किरोल या मनोविकारतज्ज्ञाचा शिष्य, आणि वेडावरचा त्याचा ग्रंथ १८२० मध्ये, म्हणजे त्याच्या पंचविशीत, प्रसिद्ध झालेला. त्याने जेरिकोवर उपचार केले आणि ही चित्रे म्हणजे त्या उपकाराची फेड, असेही सांगितले जाते. पण त्याला त्या काळातील कागदाचा आधार नाही. डॉक्टरला अभ्यासासाठी आणि शिकवण्यासाठी चेहरे हवे होते, हे कारण अधिक साधे आहे. एस्किरोलनेही आपल्या रुग्णांची रेखाटने करवून घेतली होती.

त्या डॉक्टरांचा आवडता शब्द होता ‘मोनोमेनिया’. माणसाची बुद्धी इतर सर्व बाबतींत शाबूत असते आणि एकाच विषयापुरती घसरते, असा त्याचा अर्थ. चोरी, जुगार, मत्सर, लहान मुले पळवणे, आपण सेनापती आहोत असे वाटणे, ही उरलेल्या पाच चित्रांतील पाच वेडे. मूळची दहा होती असे सांगतात. या कल्पनेला न्यायालयातही महत्त्व आले. वेडाच्या भरात खून करणारा गुन्हेगार असतो की रुग्ण, या वादात जॉर्जेने १८२५ नंतर रुग्णाच्या बाजूने हिरिरीने लिहिले. एक गोष्ट सहसा कोणी बोलून दाखवत नाही. साल्पेत्रियेर हे स्त्रियांचे रुग्णालय होते आणि पाचांपैकी तीन चित्रे पुरुषांची आहेत, म्हणजे निदान ती माणसे दुसरीकडची असली पाहिजेत.

आता मत्सराची म्हणून ओळखली जाणारी वृद्धा पाहा. कॅनव्हास लहान आहे, ७२ सेंटिमीटर उंच आणि ५८ रुंद. पार्श्वभूमी काळसर, तिच्यात काहीही नाही. डोक्यावर झालरीची पांढरी टोपी, अंगात जाड कपडे. हात दिसत नाहीत. डोळ्यांच्या कडा लालसर सुजल्या आहेत, ओठ घट्ट मिटले आहेत आणि नजर तिरपी, चौकटीबाहेरच्या कशावर तरी खिळलेली आहे. पाचांपैकी कोणीही आपल्याकडे पाहत नाही. सेनापतीचे वेड असलेल्या वृद्धाच्या गळ्यात दोरीला एक बिल्ला लटकतो. तो त्याला बहुधा पदक वाटत असावा आणि रुग्णालयाच्या लेखी तो ओळखीचा क्रमांक असावा.

यापूर्वी चित्रांतील वेडा कसा असे? अर्धनग्न, साखळदंडात, गवताचा मुकुट घातलेला, तोंड वासलेला. हॉगार्थच्या १७३५ च्या ‘उधळ्याची वाटचाल’ या मालिकेतील शेवटचे चित्र पाहिले तर लंडनच्या बेडलम या वेड्यांच्या रुग्णालयात वेडे आणि त्यांना पाहायला आलेल्या नटलेल्या बायका एकत्रच दिसतात. जेरिकोने साखळ्या काढल्या, गवत काढले, प्रेक्षक काढले. ज्या आकारात आणि ज्या बैठकीत त्या काळी वकील आणि सावकार आपली चित्रे काढून घेत, तीच चौकट त्याने या माणसांना दिली. आजारांची नावे दर्शवणारी शीर्षके चित्रकाराने दिलेली नाहीत. ती नंतर चिकटली. शीर्षके झाकून ही चित्रे कोणाला दाखवली, तर थकलेली, झोप न झालेली, कशाचा तरी ध्यास घेतलेली माणसे दिसतील. आजाराचे नाव सांगता येईल असे मला वाटत नाही. चेहऱ्यावरून आजार ओळखता येतो, या डॉक्टरी समजुतीला चित्रकाराने कदाचित नकळतच सुरुंग लावला. ज्या हाताने हे रंगवले तो हात ताब्यात असलेल्या माणसाचा आहे, एवढे उत्तर आपल्या व्हिडिओला पुरेसे व्हावे.

प्रश्न : गोयाने बहिरा झाल्यावर वेडाच्या भरात घराच्या भिंती काळ्या चित्रांनी भरून टाकल्या, असे वाचले आहे. ती चित्रे मनोविकाराची लक्षणे म्हणून पाहावीत का? (छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : स्पॅनिश चित्रकार गोयाचे आजारपण दोन वेळचे आहे आणि दोन्ही वेळचा त्याचा स्वतःचा शब्द आपल्याकडे आहे, म्हणून अंदाज बांधण्यापेक्षा तो ऐकणे बरे. १७९२-९३ च्या हिवाळ्यात तो मरता मरता वाचला आणि कायमचा बहिरा झाला. बरा होत असताना त्याने पत्र्यावर काही लहान चित्रे रंगवली आणि १७९४ च्या जानेवारीत बेर्नार्दो दे इरियार्ते या अकादमीतील मित्राला पत्र लिहिले. आजाराने गांजलेल्या कल्पनाशक्तीला काहीतरी उद्योग हवा होता, आणि मागणीबरहुकूम केलेल्या कामांत लहर व नवनिर्मिती यांना जेवढा वाव नसतो तेवढा या चित्रांत घेता आला, असा त्या पत्राचा आशय आहे. त्याच महिन्यातील दुसऱ्या पत्रात तो ‘वेड्यांचे आवार’ या चित्राविषयी सांगतो: दोन नागवे वेडे झुंजत आहेत, राखणदार त्यांना फटके मारतो आहे, आणि हे दृश्य आपण सारागोसा येथे प्रत्यक्ष पाहिले होते. चित्रात वर उंच भिंतींमधून राखाडी उजेड ओसंडतो आणि खालच्या माणसांपर्यंत पोचता पोचता मळका होतो. डावी-उजवीकडचे दोघेजण थेट आपल्याकडे पाहतात. हे पाहिलेले आहे, आठवून रचलेले आहे.

त्यानंतर हा माणूस १७९९ मध्ये स्पेनच्या राजाचा पहिला दरबारी चित्रकार झाला आणि त्याच वर्षी त्याने ऐंशी छापचित्रांची ‘लहरी’ ही मालिका विक्रीस काढली. तिच्यातील ४३ व्या चित्रात मेजावर डोके टेकून झोपलेल्या माणसाभोवती घुबडे आणि वटवाघळे घोंघावतात. विवेक झोपला की राक्षस जन्मतात, एवढेच त्याखालचे वाक्य सर्वत्र उद्धृत होते आणि गोया हा राक्षसांचा चित्रकार ठरतो. त्या काळातील एका हस्तलिखित टिपेत मात्र त्याचा पुढचा भागही आहे: विवेकाने टाकलेली कल्पना अशक्य राक्षस जन्माला घालते, पण विवेकाशी जोडलेली कल्पना ही कलांची आई असते. हा दुसरा अर्धा भाग मला पहिल्याहून महत्त्वाचा वाटतो. शिवाय तांब्याच्या पत्र्यावर ॲक्वाटिंट या छापतंत्रासाठी राळेचे कण पसरून, आम्लात किती वेळ ठेवायचे याचा हिशेब ऐंशी वेळा बिनचूक सांभाळणारा माणूस भानावर नव्हता, असे म्हणणे कठीण आहे.

काळी चित्रे दुसऱ्या आजारानंतरची. १८१९ मध्ये माद्रिदबाहेर घेतलेल्या घराच्या गिलाव्यावर, १८२३ पर्यंत, तेलरंगात केलेली चौदा चित्रे. १८१९ च्या अखेरीस तो पुन्हा मरणाच्या दारी जाऊन आला, आणि १८२० मध्ये त्याने आपले डॉक्टर आरिएता यांच्यासह स्वतःचे चित्र काढले. अंथरुणात बसलेला गोया, हातांत धरलेले पांघरूण, मागून आधार देऊन औषधाचा पेला ओठांशी नेणारा डॉक्टर. खाली लिहिले आहे की, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी आलेल्या तीव्र आणि धोकादायक आजारातून ज्यांनी कौशल्याने आणि काळजीने वाचवले त्या मित्रासाठी, कृतज्ञ गोयाकडून. काळी चित्रे याच सुमाराची आहेत. युद्ध, दुष्काळ आणि परतून आलेली धर्मन्यायालये पाहिलेल्या म्हाताऱ्याने स्वतःच्या घरात, कोणाला दाखवायची नाहीत म्हणून, ती रंगवली. त्यांना शीर्षके त्याने दिली नाहीत. १८७४ पासून ती भिंतींवरून कॅनव्हासवर उतरवली गेली आणि त्यात रंगांचे बरेच नुकसान झाले. तेव्हा आज आपण जे पाहतो त्यातील प्रत्येक ओरखडा गोयाच्या मनाचा, असे समजून निदान करणे अवघड आहे.

प्रश्न : मी मनोविकारतज्ज्ञ आहे. झाडावर देवदूत, खोलीत मृत भाऊ, पिसवेचे भूत दिसणाऱ्या ब्लेकला आज आम्ही सरळ रुग्ण म्हणू. कलासमीक्षक हे म्हणायला का कचरतात? (पुणे)

उत्तर : कचरत नाहीत, ब्लेकच्या हयातीतच एकाने म्हणून टाकले. १८०९ मध्ये इंग्रज कवी-चित्रकार विल्यम ब्लेकने लंडनमधील ब्रॉड स्ट्रीटवर, आपल्या भावाच्या मोजे-बनियनच्या दुकानाच्या मजल्यावर, स्वतःच्या सोळा चित्रांचे प्रदर्शन भरवले. फारसे कोणी फिरकले नाही. ‘एक्झॅमिनर’ या साप्ताहिकात रॉबर्ट हंटने लिहिले की, हा एक दुर्दैवी वेडा असून निरुपद्रवी असल्यामुळेच तो कोंडला जाण्यापासून बचावला आहे. त्या प्रदर्शनावर छापून आलेली समीक्षा ती एवढीच. ब्लेक एक्कावन्न वर्षांचा होता; पुढे अनेक वर्षे तो लोकांच्या नजरेआडच राहिला. वर्ड्सवर्थने म्हणे असे उद्गार काढले होते की, हा बिचारा वेडा आहे यात शंका नाही, पण त्याच्या वेडात मला बायरन आणि स्कॉट यांच्या शहाणपणाहून अधिक रस वाटतो. ऐकायला गोड आहे. पण पहिला अर्धा भाग हंटचाच आहे.

पिसवेच्या भुताची गोष्ट आपण काढली म्हणून सांगतो. १८१९ च्या सुमारास जॉन व्हार्ली हा जलरंग चित्रकार आणि हौशी ज्योतिषी रात्री ब्लेकबरोबर बसे आणि अमुक राजा, तमुक योद्धा ‘बोलवायला’ सांगे. ब्लेक समोर पाहत रेखाटत जाई. पिसवेने मध्येच तोंड उघडले म्हणून त्याने कागदाच्या दुसऱ्या भागावर तोंड वेगळे काढून घेतले, असे व्हार्लीने लिहिले आहे. यात ब्लेक व्हार्लीची गंमत करीत होता का, हा प्रश्न त्याच्या मित्रांनाही पडला असावा. त्या रेखाटनावरून केलेले चित्र जेमतेम २१ सेंटिमीटर उंचीचे, लाकडावर, सोन्याचा वर्ख वापरून केलेले आहे. भासाने चित्र सुचले असेल, पण वर्ख बसवण्याचे काम भास करीत नाही.

आपल्या निदानाला माझी हरकत एवढीच की, ते केल्यावर चित्रांविषयी काहीच नवे कळत नाही. ब्लेकने १७७२ पासून सात वर्षे जेम्स बेसायर या खोदकाराकडे उमेदवारी केली आणि जन्मभर त्याच धंद्यावर पोट भरले. १७८९ मधील ‘निरागसतेची गीते’ छापताना त्याने तांब्याच्या पत्र्यावर कविता आणि चित्रे आम्लाने न झिजणाऱ्या द्रवाने उलट्या अक्षरांत लिहिली, उरलेला पृष्ठभाग आम्लात झिजू दिला, उठून आलेला भाग हाताच्या दाबयंत्रावर छापला आणि बायको कॅथरीन हिच्यासह पाने रंगवली. पानामागून पान उलट्या अक्षरांत लिहायचे म्हणजे केवढे अवधान लागेल! दर्शने त्याला घडत होती आणि तो त्यांच्याविषयी शेजाऱ्यांविषयी बोलावे तसे बोलत असे, यावर समकालीनांचे एकमत आहे. त्यामुळे त्याचे काम किंवा संसार मोडला नाही, हेही तितकेच नोंदलेले आहे. ज्यामुळे दैनंदिन व्यवहार बिघडत नाही त्याला आजार म्हणावे का, हे ठरवणे आपल्या शास्त्राचे काम. त्यात मी ढवळाढवळ करीत नाही.

प्रश्न : या सगळ्यात व्हॅन गॉग कुठे? (जळगाव)

उत्तर : व्हॅन गॉगचा जन्म १८५३ चा, तो या काळात बसत नाही. मात्र त्याचे नाव घेतले की आपल्या मनात जी वेड्या प्रतिभावंताची प्रतिमा येते ती रोमँटिकांनी तयार केलेलीच आहे. त्याच्या वाट्याला ती तयार मिळाली. सां-रेमीच्या रुग्णालयात असताना झटका आला की त्याचे काम बंद पडे आणि तो ओसरला की पुन्हा सुरू होई, असे त्याच्या पत्रांवरून दिसते.

प्रश्न : माझा भाचा चित्रकला शिकतो. डॉक्टरांनी त्याला औषधे सुरू केली आहेत, पण औषधांनी माझी कला मरेल असे तो म्हणतो आणि या मोठ्या माणसांचीच नावे घेतो. त्याला काय सांगावे? (एक मावशी, कोल्हापूर)

उत्तर : औषधांविषयी बोलण्याचा अधिकार त्याच्या डॉक्टरांचा आहे. ही भीती त्याने मनात न ठेवता त्यांच्यापुढेच मांडावी. औषध बदलणे, प्रमाण कमी-जास्त करणे त्यांच्या हातात असते. परस्पर गोळ्या बंद करू नयेत. त्याने घेतलेल्या नावांविषयी मात्र मला थोडे सांगता येईल.

चार्ल्स लॅम हे नाव आपल्या पिढीने शेक्सपिअरच्या नाट्यकथांमुळे ऐकले आहे. विशीत असताना, १७९५-९६ च्या हिवाळ्यात, तो सहा आठवडे वेड्यांच्या आश्रमात होता. बाहेर आल्यावर जून १७९६ मध्ये त्याने कोलरिजला लिहिले की, वेडे झाल्याखेरीज कल्पनेचे सारे वैभव चाखले असे समजू नकोस. आपला भाचा आज हेच म्हणतो आहे. पुढे तीनच महिन्यांनी, सप्टेंबरमध्ये, लॅमची बहीण मेरी हिने आजाराच्या भरात घरातच सुरीने आईचा जीव घेतला. लॅमने तिला कायमच्या कोठडीतून सोडवून आणले आणि १८३४ मध्ये मरेपर्यंत सांभाळले. तिला झटका येण्याची चिन्हे दिसली की दोघे रडत रडत आश्रमाकडे चालत जात, असे त्यांच्या परिचितांनी लिहून ठेवले आहे. १८०७ मधील त्या नाट्यकथांतील सुखान्तिका मेरीने लिहिल्या, आणि लिहिल्या त्या बरी असताना. १८२६ मध्ये, एक्कावन्नाव्या वर्षी, लॅमने खऱ्या प्रतिभेच्या शहाणपणावर एक निबंध लिहिला. श्रेष्ठ कवी जागेपणी स्वप्न पाहतो, आपल्या विषयाच्या ताब्यात जात नाही तर त्यावर हुकमत ठेवतो, असे त्याने त्यात मांडले. पत्र आणि निबंध दोन्ही भाच्याला वाचायला द्या. दोन्ही एकाच माणसाने लिहिली आहेत, आणि मधल्या तीस वर्षांत त्याने आजार जवळून पाहिला होता.

संगीतकार शूमानने फेब्रुवारी १८५४ मध्ये ऱ्हाइन नदीत उडी घेतली. मासेमारांनी त्याला बाहेर काढले. पुढची जवळजवळ अडीच वर्षे त्याने बॉनजवळच्या एंडेनिख येथील आश्रमात काढली आणि तेथेच जुलै १८५६ मध्ये तो वारला. त्या काळात त्याची रचना जवळजवळ थांबली होती.

याच्या उलट जाणारे उदाहरण लपवणे बरे नाही. इंग्लंडमधील शेतमजूर कवी जॉन क्लेअर १८४१ पासून १८६४ मध्ये मरेपर्यंत नॉर्थहॅम्प्टनच्या आश्रमात होता आणि तेथे त्याने शेकडो कविता लिहिल्या. तेथील एका कारभाऱ्याने त्या उतरवून ठेवल्या म्हणून वाचल्या. त्यांतील काही अप्रतिम आहेत. पण आश्रमात दाखल करताना डॉक्टरने भरलेला कागद पाहण्यासारखा आहे. आजारापूर्वी मनावर मोठा ताण पडला होता का, या रकान्यात त्याने लिहिले की, वर्षानुवर्षे कवितेच्या नादी लागला होता. त्याच आजारात क्लेअरला आपण लॉर्ड बायरन आहोत असे वाटे आणि बायरनच्या काव्यांची शीर्षके घेऊन तो स्वतःची काव्ये लिही. गरीब कवीने भ्रमात कोणाचे रूप घ्यावे, हेसुद्धा त्या काळाच्या प्रतिभावंताच्या प्रतिमेने ठरवून दिले होते. १८४१ च्याच उन्हाळ्यात तो एसेक्समधील पहिल्या आश्रमातून निघून चार दिवस चालत घरी गेला होता; खायला काही नाही म्हणून त्याने रस्त्याकडेचे गवत खाल्ले, असे त्याने स्वतः लिहिले आहे. त्या चार दिवसांत कोणते वैभव होते, हे भाच्याला विचारून पाहा.

प्रश्न : केशवसुतांच्या ‘झपूर्झा’तील ‘व्यर्थी अधिकचि अर्थ वसे, तो त्यांस दिसे, ज्यां म्हणति पिसे’ ही कल्पना इंग्रजी रोमँटिकांचीच का? (ठाणे)

उत्तर : केशवसुत इंग्रजी रोमँटिक कवींचे वाचक होते आणि सुनीत त्यांनीच मराठीत रुजवले, त्यामुळे ओढा त्या दिशेचा आहे यात शंका नाही. पण लोक ज्याला पिसे म्हणतात त्यालाच खरे दिसते, हे सांगायला मराठी कवीला बायरनची गरज नव्हती. संतांनी देवाचे पिसे शतकानुशतके मिरवले होते. केशवसुतांनी त्यातून देव बाजूला काढला आणि ज्ञाताच्या कुंपणापलीकडची उडी ठेवली. कवितेत आजाराचा उल्लेखही नाही, म्हणून तिला या चर्चेत फार ओढू नये.

प्रश्न : आम्ही अमेरिकेत राहतो. युरोपला जाणे होईलच असे नाही. यातले काय इकडे पाहता येईल? (डॅलस)

उत्तर : आपल्या गावातच सुरुवात करा. गोयाचे ‘वेड्यांचे आवार’ डॅलसच्या मेडोज संग्रहालयात आहे. ते पत्र्यावरचे आणि लहान आहे, जवळ जाऊन पाहावे लागते. डॉक्टर आरिएतांबरोबरचे चित्र मिनिआपोलिसच्या कलासंग्रहालयात आहे. जेरिकोच्या पाचांपैकी मुले पळवणाऱ्याचे चित्र मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड येथे आहे. बाकीची चार फ्रान्समध्ये लियाँ आणि पॅरिस, बेल्जियममध्ये गेंट आणि स्वित्झर्लंडमध्ये विंटरटुर अशी विखुरली आहेत. जर्मनीतील बाडेन-बाडेन येथे १८६३ मध्ये लुई व्हियार्दो या जाणकाराला ती एका डॉक्टरच्या घरी, पोटमाळ्यावर सापडली होती. दहांतील उरलेली पाच तेव्हा तेथे नव्हती. डेट्रॉइटला जाणे झाले तर तेथील संग्रहालयात फ्यूझली या चित्रकाराचे १७८१ चे ‘दुःस्वप्न’ही पाहून घ्या, मात्र ते नाटकी आहे आणि गोयानंतर पाहिले तर थोडे फिके वाटेल.